पाणी न मागणाऱ्यांचा दोर

पाणी मागणाऱ्या कुणावरही आमच्या घरमालकांचा विश्वास नव्हता. हे मला ठाऊक नव्हतं, म्हणून तर खोली मिळाली.

बँकेनं मला रत्नागिरीहून उचलून सारंगखेड्याला आणून टाकलं ते ऐन मे महिन्यात. तापीचा पूल ओलांडून बस थांबली तेव्हा मी निम्मा वाळलो होतो. पत्ता विचारत विचारत एका ओट्यापाशी पोचलो, तर तिथं एक उंच, काटकुळे गृहस्थ पांढरी टोपी कपाळावर ओढून बसलेले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "पानी पायजे का?" आता आम्ही कोकणातली माणसं. पहिल्या भेटीत कुणी काही देऊ केलं की आधी 'नको' म्हणायचं, हे आम्हाला बाळकडूतच मिळतं. जीभ टाळ्याला चिकटलेली असताना मी म्हणालो, "नको नको, आत्ताच प्यालो." त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला वाटलं, माझ्यामागे कुणी मोठा पाहुणा उभा आहे. ते आत तोंड करून ओरडले, "आयकं का वं? हाऊ पोऱ्या आपला शे! खोलीनी चावी आन!"

खोलीत बॅग टाकली आणि मी धावत मागच्या मोरीवर जाऊन नळालाच तोंड लावलं. मान वर केली तर घरमालकीणबाई दारात उभ्या. मी ओशाळलो. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं, एक तांब्या भरून माझ्या हातात दिला आणि काही पाहिलंच नाही अशा निघून गेल्या. त्या दिवसापासून त्या आणि मी एकाच पक्षात होतो.

घरमालकांना सगळी गल्ली जिभाऊ म्हणायची. खानदेशात थोरल्या भावाला असं म्हणतात, आणि हे तर गल्लीचेच थोरले होते. बाईंना सगळे आक्का म्हणत. जिभाऊंनी सारी नोकरी पाटकरी म्हणून केली, म्हणजे कालव्याचं पाणी पाळीपाळीनं एकेकाच्या शेताला सोडायचं काम. या कामात माणसाचा स्वभाव जितका कळतो तितका लग्न जमवतानाही कळत नसेल. "पानी मांगनारा तोंडवर गोड ऱ्हास," जिभाऊ सांगायचे, "पाळी सरनी का तोच शिव्या देस." सख्खे भाऊ पाळीवरून एकमेकांवर फावडी उगारताना त्यांनी पाहिले होते, आणि सोडवायला गेल्यावर त्या दोघांनी एकी करून जिभाऊंनाच बदडलं होतं. मला वाटतं, तो मार त्यांच्या फार मनाला लागला असावा.

निवृत्त झाल्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की यापुढे पाणी मागणारं काहीही आपल्या दारात राहणार नाही. दारातली जास्वंद शेजाऱ्यांकडे गेली. केळीचं वावर पुतण्याकडे गेलं. कुत्रंही जाणार होतं, पण आक्का आडव्या आल्या. स्वतः जिभाऊ तर पाणी कधीच मागत नसत. जेवताना आक्का भरलेलं भांडं त्यांच्या उजव्या हाताशी ठेवायच्या आणि मुद्दाम दुसरीकडे बघायच्या; मग जिभाऊ ते भांडं चुकून हाताला लागल्यासारखं उचलायचे आणि रिकामं करायचे. चहा मात्र दिवसातून कितीही वेळा. चहातही पाणी असतं, हे मी एकदा त्यांना दाखवून दिलं. "ते मांगनं पडत नही," ते म्हणाले, "ते आपोआप येस."

अशा माणसाच्या दारात उरणार काय? आपलं पाणी आपणच शोधणारा दारचा जुना कडुनिंब सोडला, तर दोन जातींची झाडं उरली. ओट्याच्या डाव्या अंगाला, कुंपणाच्या कडेनं, घायपाती. त्या जिभाऊंच्या. उजव्या अंगाला, फुटक्या माठांत, तेलाच्या डब्यांत आणि एका कान तुटलेल्या कढईत, कोरफडी. त्या आक्कांच्या. मला आपल्या दोन्ही सारख्याच दिसायच्या. जमिनीतून फुटलेली जाड टोकदार पानं आणि कडेनं काटे. एकदा मी तसं बोलून गेलो. जिभाऊंनी मला दंडाला धरून उठवलं आणि दोन्हीकडून फिरवून आणलं. पुढे प्रत्येक पाहुण्याला ही प्रदक्षिणा घडताना मी पाहिली, आणि तिचे मंत्रही ठरलेले होते.

"हाई कोरफड. हात लाव. कशी लागनी? मऊ. आते मोडी देख. काय निंघनं? गर! म्हनजे हिनी पानी चोरीसन ठेवेल शे. लबाड शे ती." मग डावीकडे. "आते हाई घायपात. मोड बरं. मोडस का? नही मोडस! आंगमा नुस्ता वाख." वाख म्हणजे ज्याचे दोर वळतात ते तिचे धागे. "हिले ऊन दे, वारा दे, खडक दे, काही म्हनत नही. आनि कोरफडले उन्हायामा सावली जोयजे! मन्ही मंडळी तिन्हावर सूप धरस! झाडले सूप!"

यावर आतून आक्कांचा आवाज यायचा, तोही ठरलेला. "आठवडामा वाटीभर पानी पेस बिचारी. पन कामले येस. तुमनी घायपात कोनना कामले उनी?"

आणि यात आक्कांची बाजू भक्कम होती. तव्यावर हात भाजलेली बाई, केस गळणारी बाई, चेहऱ्यावर पुटकुळ्या आलेली कॉलेजातली पोर, सगळ्या उजव्या अंगाला यायच्या. आक्का बुडातलं जुनं पान कापायच्या, आधी ते उभं ठेवून त्यातला पिवळा चीक गळू द्यायच्या आणि मगच गर काढून द्यायच्या. डाव्या अंगाला कुणी फिरकत नसे. घायपातीचा रस कातडीला लागला की रात्रभर खाज. शेळ्यासुद्धा तिला वळसा घालून जायच्या. त्यातून जिभाऊंच्या सिद्धांतात आक्कांनी एक मोठीच पाचर मारून ठेवली होती. दृष्ट लागू नये म्हणून त्यांनी उंबऱ्यावरच्या चौकटीला एक कोरफड मुळांसकट उलटी टांगली होती. माती नाही, पाणी नाही, खाली डोकं वर पाय, आणि तरी बाई हिरवीगार! आक्का तिला चोरून पाणी शिंपडतात, असा जिभाऊंना दाट संशय होता. ते कित्येकदा पेपर वाचण्याच्या निमित्तानं दारात बसून तिच्यावर पाळत ठेवायचे.

घायपातीच्या पानाचं टोक दाभणासारखं असतं. गल्लीतल्या बायका तक्रार घेऊन आल्या की पोरांच्या डोळ्यांत जाईल, टोकं छाटा. "मी कोनं नाक कापत नही," जिभाऊ म्हणाले. त्याऐवजी त्यांनी पुतण्याच्या शेतातून कापसाची बोंडं आणली आणि एकेका टोकावर एकेक फुललेलं बोंड खोचून दिलं. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटावं, घायपातीलाच कापूस आलाय. थंडीत गावात घोड्यांचा बाजार भरतो तेव्हा लांबलांबचे लोक येतात. त्यातला एक पागोटेवाला घोडं हातात धरून आमच्या कुंपणापाशी थांबला. "काका, ये कपास कौनसी जात की है?" जिभाऊंच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. "पानी नहीं माँगती, वो जात की." त्या गृहस्थानं हात जोडून एक रोप मागून घेतलं आणि फडक्यात गुंडाळून नेलं. कुठल्यातरी वाळवंटात तो अजून बोंडं यायची वाट बघत असेल, या कल्पनेनं जिभाऊ पुढे कित्येक दिवस एकटेच हसत बसायचे.

हे सगळं हसण्यावारी जायचं. एक गोष्ट मात्र त्या घरात हसण्यावारी जात नव्हती, ती म्हणजे आखाजी.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे त्या दिवशी आमरस ओरपून माणसं झोपतात. खानदेशात त्या दिवशी सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, दारच्या निंबाला झोके बांधतात आणि गाणी म्हणत आभाळाला पाय लावतात. जिभाऊ-आक्कांची एकच लेक. ती खापरला दिलेली, तळोदा-अक्कलकुव्याच्या पुढे, गुजरातच्या हद्दीला चिकटून. सासरचं हार्डवेअरचं दुकान: पाइप, पत्रे, खिळे आणि रिळावर गुंडाळलेले रंगीत नायलॉनचे दोर. गल्ल्यावर स्वतः विहीणबाई बसायच्या. भरभक्कम, विधवा, आणि शब्दाच्या पक्क्या.

लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला सुनेला पोचवायला विहीणबाई जातीनं आल्या होत्या. जिभाऊंनी स्वतःच्या घायपातीचा, स्वतः वळलेला दोर निंबाला बांधला. नायलॉनवाल्यांना एकदा दाखवायचंच होतं ना! बायकांनी आग्रह केला, विहीणबाई बसल्या, झोका वर गेला आणि दोर तुटला. अख्ख्या गल्लीदेखत विहीणबाई धुळीत. आणि जिभाऊ धावले ते थेट दोराकडे. कुठं तुटला, कसा तुटला, तेच बघत बसले. हे मला आक्कांनी एका दुपारी सांगितलं. "गुडघा फुटना त्यानं तिले काही वाटनं नही," त्या म्हणाल्या, "यास्नी दोर पहिले उचला, ते लागनं तिले."

तेव्हापासून लेक आखाजीला आली नव्हती. दिवाळीला यायची, नवऱ्याबरोबर, एका रात्रीपुरती. "दिवाळी जावईनी ऱ्हास," आक्का म्हणाल्या, "आखाजी पोरनी." आखाजीच्या दिवशी शेजारच्या झोक्यांवरची गाणी ऐकू येऊ नयेत म्हणून त्या दार लावून घ्यायच्या. एवढी धीराची बाई हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हती. मला फार वाईट वाटलं, आणि मी तोंडातून शब्द काढून बसलो, की यंदा मुराळी म्हणून मी जातो. लेकीला सासरहून आणायला भाऊ जातो तो मुराळी. तिला भाऊ नव्हता. मला बहीण नव्हती. चांगली सोय होती.

चैत्रातल्या एका रविवारी मी निघालो. आक्कांनी विहीणबाईंसाठी कोरफडीचं एक तजेलदार रोप दिलं. जिभाऊंनी मला न सांगता पिशवीच्या तळाशी घायपातीचं पिल्लू घातलं. शहाद्याहून एसटीत उभा होतो, वळण आलं, पिशवी हेलकावली आणि पुढच्या सीटवरचे काका "मरी गऊ!" म्हणून उभेच राहिले. अक्कलकुव्यापर्यंत त्या भरलेल्या बसमध्ये मला मात्र ऐसपैस जागा मिळाली, कारण माझ्या आजूबाजूला कुणी बसेना.

विहीणबाईंनी गल्ल्यावर बसूनच दोन्ही रोपं पाहिली. कोरफड खिडकीत ठेवली. घायपात हात लांब करून धरली. "यानाच दोर व्हता ना त्यो?"

"हो," मी म्हणालो.

पाइपांच्या ढिगामागे लेक उभी होती, पदर तोंडाशी धरून. विहीणबाईंनी पिल्लाचं टोक बोटानं दाबून पाहिलं आणि मग एकेक शब्द तोलून बोलल्या, "सूनले धाडसू. पन मी संगे येसू. त्याच निंबवर, त्यास्नाच दोरवर बठसू. टिकना, तं दर आखाजीले पोर तुमनी. तुटना, तं आखाजीनं नाव काढानं नही." मी उठलो तेव्हा त्यांनी पुन्हा हाक मारली. "आनि जिभाऊले सांगा, आवंदा काही व्हयनं तं पहिले मले उचला म्हना, दोर नंतर."

मी निरोप सांगितला तेव्हा जिभाऊ टोपी उडवायच्या बेतात आले. त्यांच्या लेखी पैज जिंकूनही झाली होती. आक्का मात्र चुलीपुढे मटकन बसल्या. कारण जिभाऊंचा दोर कसा होतो ते त्यांना माहीत होतं.

घायपातीचा वाख काढायची सगळ्या जगाची रीत एकच. पानं पाण्यात बुडवून ठेवायची, गर कुजू द्यायचा, मग झोडपून धुवायची की धागा मोकळा होतो. जिभाऊंना हे अजिबात मंजूर नव्हतं. "जे झाड जनमभर पानी मांगनं नही, त्याले मराना नंतर पानीमा बुडाडू? इतला बेइमान नही मी." म्हणून ते पानं गच्चीवर कडकडीत वाळवायचे, धोपाटण्यानं कुटायचे आणि जो काही भुसा मिसळलेला, ठिसूळ धागा निघेल त्याचा दोर वळायचे. दिसायला तो अगदी दोरासारखा दिसायचा.

दोराची परीक्षा घ्यायला वजन लागतं. ते वजन मी. रोज संध्याकाळी बँकेतून आलो की जिभाऊ निंबाखाली उभेच असायचे. "बठ." मी बसायचो. "झोका ले." मी घ्यायचो. वरून 'कर्र' असा आवाज यायचा आणि मी खाली यायचो. जिभाऊ दोराकडे धावायचे, आक्का कोरफडीचं पान घेऊन माझ्याकडे. "दोर तुमना, कंबर लोकेस्नी!" आक्का ओरडायच्या. त्या महिन्यात माझ्या पाठीला इतका गर लागला की तेवढी पाठ अजून तुकतुकीत आहे, असं माझी बायको म्हणते.

शेवटी एका दुपारी जिभाऊ झोपलेले असताना आक्का माझ्या खोलीच्या दाराशी आल्या. सुट्टीचा दिवस होता. त्यांच्या हातात कोयता होता. "मले मन्ही पोर जोयजे, भाऊ," त्या म्हणाल्या. "पाप लागी तं लागी."

आम्ही मागच्या कुंपणातल्या, नजरेआडच्या घायपातींची बुडातली पानं उतरवली. मागे गुरांचा एक जुना हौद होता, वापरात नसलेला. तो भरला, पानं बुडवली, वर दगड ठेवले आणि पत्रा झाकला. अंगभर अशी खाज सुटली की मी सोमवारी बँकेत खुर्चीला पाठ घासत होतो. पण खरी गंमत पुढे होती. कुजणाऱ्या घायपातीला वास असतो हे आक्कांनी मला सांगितलं नव्हतं. वास म्हणजे काय, साक्षात गटार तापलेलं!

जिभाऊंचा पहिला संशय उंदरावर. त्यांनी कोठीतल्या सगळ्या गोण्या उलथ्या केल्या. माळ्यावर चढले, अडगळ उपसली. उंदीर सापडला नाही. मग ते माझ्या दारात येऊन उभे राहिले, नाकाला उपरणं लावून. "बेटा, खरं सांग. तुन्हा कोकनना सुका मासा शे का खोलीमा?" मी आक्कांकडे पाहिलं. आक्का उलट्या टांगलेल्या कोरफडीकडे बघत होत्या. काय करणार? एका लेकीच्या माहेरासाठी मी आख्ख्या कोकणाची अब्रू पणाला लावली. "हो," मी म्हणालो, "आईनं पाठवलंय." माझी गादी, ट्रंक, कपडे सगळं उन्हात पडलं. सुका बांगडा मात्र माझ्याकडे नव्हताच; तो असता तर निदान जेवणात तरी उपयोगी आला असता.

पानं पुरती कुजल्यावर जिभाऊ शहाद्याला पेन्शनच्या कामाला गेले ती वेळ साधून आक्का आणि मी पोतं घेऊन तापीवर गेलो. दगडावर आपटून, धुऊन, पिळून जो वाख निघाला तो पाहून मीच थक्क झालो. पांढराशुभ्र, लांब, रेशमासारखा चमकणारा. तो वाळवून गच्चीवर त्यांच्या ढिगाच्या जागी ठेवला आणि त्यांचा भुसा चुलीत घातला. दुसऱ्या दिवशी जिभाऊ गच्चीवरून नाचतच खाली आले. "देखा का! आवंदा एक थेंब दिधा नही, तं वाख कसा चांदीसारखा उतरना!"

"व्हय ना," आक्का शांतपणे म्हणाल्या, "तपच तसं शे तुमनं."

मांडीवर घासून, पीळ देऊन त्यांनी दोर वळला. मी झोक्यावर बसलो. 'कर्र' झालं नाही. मी उंच गेलो, आणखी उंच गेलो, दिवेलागण झाली तरी खाली आलो नाही. जिभाऊ बराच वेळ वर बघत राहिले. सवयच नव्हती ना! "हाऊ तुटत का बरं नही?" ते चिंतेत पडून म्हणाले.

आखाजीच्या सकाळी जिभाऊंनी पितरांसाठी पाण्यानं घागर भरली, तिच्यावर आंबा ठेवला. पाणी मागायची परवानगी त्या घरात फक्त मेलेल्यांना होती. दहाच्या सुमाराला जावई गाडी घेऊन आले, दोघींना उतरवलं आणि दुकान उघडं आहे म्हणून चहा पिऊन परतले. लेक आक्कांच्या गळ्यात पडली ती सुटेचना. विहीणबाईंच्या काखेत निळ्या नायलॉनच्या दोराचं एक भेंडोळं होतं. ते त्यांनी ओट्यावर, सगळ्यांना दिसेल असं ठेवलं.

गल्ली जमली. विहीणबाईंनी पदर खोचला, दोराला दोनदा हिसका दिला आणि फळीवर बसल्या. लेकीनं मागून हळूच धक्का दिला. आक्का दाराची चौकट धरून उभ्या होत्या. झोका गेला, आला. दोर गप्प. पुन्हा गेला, अधिक वर. विहीणबाईंच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करत सुटू लागल्या. बायकांनी गाणं धरलं. विहीणबाईंनीही धरलं! मी आक्कांकडे बघून हसलो, आणि तेवढ्यात वरून 'कडाड' असा आवाज आला.

दोर नव्हता तो. फांदी होती. फांदी, दोर, फळी आणि विहीणबाई, सगळे एकदम खाली.

गाणं थांबलं. धूळ खाली बसली तेव्हा दोर डावीकडे पडला होता आणि विहीणबाई उजवीकडे. जिभाऊ ओट्यावरून धावत सुटले. सगळी गल्ली फक्त एवढंच बघत होती, की हा माणूस आता कुणीकडे वळतो. ते दोराच्या दिशेनं निघाले होते, मी शपथेवर सांगतो. मधेच त्यांचा पाय अडखळला, आणि ते उजवीकडे वळले. त्यांनी विहीणबाईंच्या काखेत हात घालून त्यांना उठवून बसवलं. मान मात्र डावीकडेच वळलेली होती.

विहीणबाई घोटा धरून कण्हल्या. मग म्हणाल्या, "दोर आना आठे." लेकीनं दोर आणून दिला. विहीणबाईंनी तो गिऱ्हाइकाला माल दाखवताना बघतात तसा वीत वीत करत बोटांखालून काढला, ताणला, नखानं खरवडला. "फांदी कुजेल व्हती," त्या म्हणाल्या. "दोर साबूत शे."

आक्कांचा बांध फुटला. इतके दिवस मुठीत धरलेला जीव मोकळा झाला आणि त्या हसत, रडत ओरडल्या, "साबूत ऱ्हाईच ना! हौदमा भिजाडेल व्हता त्यो! पोटभर पानी पाजेल व्हतं त्याले!"

जिभाऊंनी आक्कांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत मला तो उंदीर दिसला, बांगडा दिसला, चांदीसारखा वाख दिसला. ते चालत ओट्यावर गेले, टोपी काढून बाजूला ठेवली आणि बसले. मला वाटलं, आता खोली गेली. मग ते हलक्या आवाजात म्हणाले, "पानी आन."

हे शब्द त्यांच्या तोंडून कुणी कधी ऐकले नव्हते, त्यामुळे कुणी हललंच नाही. लेक पहिल्यांदा भानावर आली. तिनं आतून तांब्या आणला. जिभाऊंनी तो गटागटा रिकामा केला, तोंड पुसलं आणि तांब्या पुन्हा पुढे केला. "आखो."

आक्कांनी कोरफडीचं पान चिरून, हळद लावून, तव्यावर शेकून विहीणबाईंच्या घोट्याला बांधलं. सूज उतरेपर्यंत पाय हलवायचा नाही, असं ठरलं. विहीण राहिली म्हणजे तिचं करायला सून राहिलीच पाहिजे. एका रात्रीपुरती येणारी ती लेक आता रोज सकाळी ओट्यावर बसून आक्कांकडून केस विंचरून घेऊ लागली. रोज नवं पान बांधलं जात होतं, आणि कोरफडीनं आपलं काम नेहमीप्रमाणे चोख केलं. घोटा लवकरच पहिल्यासारखा झाला. निदान मला तरी तसा दिसत होता.

एका संध्याकाळी बँकेतून आलो, तर तोच दोर निंबाच्या दुसऱ्या, चांगल्या जाड फांदीला बांधलेला. झोक्यावर विहीणबाई. मागून धक्का द्यायला जिभाऊ. ओट्यावर आक्का लेकीच्या केसांना गर चोळत होत्या आणि दोघी कशालातरी खिदळत होत्या. तेवढ्यात विहीणबाईंचा फोन वाजला. जावई होते, दुकानाचे हाल होताहेत, उद्या गाडी घेऊन येऊ का, विचारत होते. विहीणबाईंनी झोका न थांबवता फोन कानाला लावला आणि एकदा ओट्यावरच्या दोघींकडे पाहिलं.

"कसं येऊ रे बेटा," त्या कळवळून म्हणाल्या. "आजून सूज उतरनी नही. आखो आठ दिन तं लागतीनच." आणि पट्टी बांधलेला तोच पाय जमिनीला रेटून त्यांनी झोका आणखी वर नेला.